तुमचा न झालेला बाप्तिस्मा

बाबा,

काल मोहगावला आजीकडे गेले होते. तिला आता दिसत नाही, पण पावलांवरून मला ओळखते. तिनं एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय कामात लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मी तेव्हा पंधराची होते. आता प्रयोगशाळेत रक्त आणि थुंकी तपासते. शिक्षण नागपुरात झालं. राज्यांची नवी मांडणी होऊन नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपलं सौंसर मध्यप्रदेशातच राहिलं, तेव्हा मला तिकडेच थांबता आलं असतं. मी मोहगावजवळच्या पांढुर्ण्याची नोकरी घेतली. कुणी कारण विचारलं तर हवापाणी मानवतं म्हणून सांगते.

आठवतो तो सौंसरच्या चर्चमधला शेवटचा बाक. तुम्ही मिशन दवाखान्याचे कंपाउंडर. शुभवर्तमान तुमच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं, पण बाप्तिस्मा नव्हता. प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच, म्हणून त्याआधी पाद्रीसाहेब क्षणभर थांबतात, तुम्ही उठता, बाहेर पायरीवर जाऊन बसता. मी आत आहे. भाकरीचा तुकडा जिभेवर, आणि दारातून तुमची पाठ दिसते. सदऱ्याला कडक इस्त्री, मानेशी घामाचा डाग. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाही.

माझा बाप्तिस्मा तुम्हीच होऊ दिलात. आजीनं अडवलं नाही. "पोरगी काय, परक्याच्याच घरची," म्हणाली. तुम्हाला मात्र तिनं शपथ घातली होती. एकुलता एक मुलगा. "तू त्यायच्यात गेला त माह्या चितेले आग कोन देईन?" तुम्ही शब्द दिलात, तू गेल्यावरच बाप्तिस्मा घेईन.

एका रविवारी चर्चमधून आल्यावर मी चुलीपाशी बसल्या बसल्या बोलले. आई नव्हती, स्वयंपाक आपण दोघं मिळून करायचो. मी म्हटलं, "प्रभूवर विश्वास आहे म्हणता आणि बाप्तिस्म्याची त्याची आज्ञा मोडता. औषधाची बाटली उशाशी ठेवून ताप उतरत नाही, हे रोग्यांना तुम्हीच सांगता ना?" तुम्ही तव्याकडे बोट केलं. "भाकर करपून राहिली, पलट." मी पलटली. मग तवा उतरवत म्हणालात, "आईबापाचा मान राख, हेबी त्याचीच आज्ञा होय. दोनी संगं कशा पाळाव्या, तू शिकून मोठी झाली का मले सांगजो." आवाज चढवला नव्हता. तो चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

स्वातंत्र्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्हाला टायफॉइड झाला. आठव्या दिवशी पाद्रीसाहेब भांड्यात पाणी घेऊन खाटेशी आले. "विश्वास आहे ना?" "हाय." "मग आता तरी घ्या." तुम्ही डोळे मिटले. "माय जित्ती हाय अजून." दोन दिवसांनी तुम्ही गेलात. मिशनच्या कबरस्तानात जागा मिळणार नव्हतीच. तुमच्या चुलतभावानं अग्नी दिला. ज्या आगीसाठी तुम्ही थांबलात, ती देणारी माणसं गावात होतीच, बाबा. आणि जिला ती द्यायची, ती अजून जिवंत आहे.

मी शिकले, पण तुम्हाला सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही. आत्म्याचं तारण विश्वासानं होतं, कर्मानं नाही, हे मला येतं. जो विश्वास आज्ञा पाळत नाही तो मेलेला, हेही येतं. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या चोराला बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग मिळाला, असं इथले पाद्रीसाहेब सांगतात. पण त्याच्याकडे वेळ नव्हता. तुमच्याकडे होता. मी तुमचा दाखला त्यांच्यापुढे कधी ठेवला नाही. ते काय म्हणतील याची भीती वाटते.

काल आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. मधेच हात थांबला. "पोरी, तू शिकेल हायस. खरं सांग. माह्यापायी त्याले तुमच्या देवानं घेतलं नसन काय?"

"घेतलं, आजी."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग बरं हाय माय," म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी भिंगाखाली दोनदा पाहिल्याशिवाय कुणाचाही निकाल लिहीत नाही. हा काहीच न पाहता दिला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते ठाऊक आहे. मोटारीत बसेपर्यंत मला वाटत होतं की म्हातारीला धीर द्यायला खोटं बोलले. मोहगाव मागं पडल्यावर लक्षात आलं, माझे ओठ हलताहेत. शेजारची बाई पाहून राहिली होती. ऐकायला आजी नव्हती, तरी मी तेच म्हणत होते. घेतलं. पक्कं.