हम्मामातल्या पेशी

सोमवार, ४ मे
माझी तूदा विज्ञानात नापास. वीसपैकी चार. तिच्या बापाचं एकच — "वीस तारखेच्या परीक्षेतही आपटली तर शाळा बंद. तुझ्यासोबत हम्मामात बायकांच्या पाठी घासेल." जसं काही गावच्या न्हाणीघरातलं माझं काम म्हणजे कचरा.

मंगळवार, ५ मे
पुस्तक मीच उघडलं. पाचवीत शाळा सुटली माझी, अक्षरं सुटली नाहीत. प्रद्रव्यपटल, तंतुकणिका, लयकारिका — कोणी ठेवली ही नावं? पोरीला नावं पाठ, पण कोण काय काम करतं विचारलं की रडते.
म्हटलं, रडू नकोस, आपला हम्माम आठव. दाराशी हाज्जा तामू बसते, कोणाला आत सोडायचं ते ठरवते — ते पटल. खाली अल्लाल भट्टीत लाकडं घालतो म्हणून सगळं चालतं — तंतुकणिका. मालकीण मधोमध बसून हुकूम सोडते — केंद्रक. मेलेलं, नको असलेलं काढून टाकते ती मी — लयकारिका.
"आणि वनस्पतीची पेशी?"
तिला वरून आणखी एक जाड भिंत. शिवाय ऊन खाऊन स्वयंपाक करणारं हरितलवक. आपल्या घरात ऊन खाणारा आहे, स्वयंपाक करणारा नाही.
हसली एकदाची.

गुरुवार, ७ मे
विज्ञानाच्या बाईंनी शनिवारी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला प्राण्याची पेशी आणायला सांगितलीय. त्यात काय! आमच्या मोरीतून रोज वाहून जाते.
आज चष्मेवाली आली होती. दर गुरुवारी येते. चष्मा बाहेर काढून ठेवते, मग भिंत धरून चालते. तिच्या पाठीवरून मळाच्या वळ्या निघाल्या शेवयांसारख्या. ऑलिव्हच्या बरणीत भरल्या. घासता घासता तिला म्हटलं, पोरीला चार गुण देणाऱ्या बाईंच्या पेशीत केंद्रकाऐवजी दगड असणार.
"असेल. मावशी, जरा हळू."

शनिवार, ९ मे
नाक कापलं. बरणी बघून अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, ही मेलेली कातडी, हिच्या पेशींत केंद्रक उरलेलंच नाही. गालाच्या आतून अलगद खरवडून आणायचं असतं. मला काय माहीत! तूदा बोलत नाही माझ्याशी.

गुरुवार, १४ मे
चष्मेवालीला बरणीचा किस्सा सांगितला. इतकी हसली की हातातला तांब्या पडला. मग मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "ते भट्टीचं काय सांगता मुलीला?" सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होती.

बुधवार, २० मे
परीक्षा झाली. लयकारिकेचं काम विचारलं होतं. तूदाने सुरुवात केली — "पेशीत ती माझ्या आईचं काम करते." डोकं धरून बसले. बापाने हम्मामात न्यायला वेगळी बादली आणून ठेवलीय तिच्यासाठी.

मंगळवार, २६ मे
वीसपैकी तेरा! एक गुण कापलाय, आकृतीत भट्टी एकच काढली म्हणून. बाईंनी लाल शाईने लिहिलंय — भट्ट्या पुष्कळ असतात. नव्या बादलीत मी पुदिना लावला. तूदाचा बाप बघत बसला.

गुरुवार, २८ मे
चष्मेवाली आली. पालथी पडली आणि म्हणाली, "अल्लाल एकटा पुरणार नाही म्हणावं तूदाला."
हात थांबला माझा. पोरीचं नाव मी हिला कधी सांगितलंच नव्हतं.
"घासा ना, मावशी. पण आज खरंच हळू. त्या वेळी मी बरणीत बसून माझ्याच वर्गात गेले होते."