झरोक्यापलीकडची बाई

सोमवार
देवाच्या दयेने सामान न फुटता पोचलं. आई गेल्यापासून धाकटा भाऊ एकटाच होता. आता मी आलेय. घर लहान, पण नेटकं. स्वयंपाकघर आणि त्याची खोली यांच्यामधल्या भिंतीत उंचावर झरोका आहे. उजेड छान येतो, दिवसा दिवा लावायला नको! त्याचा खोकलाही ऐकू येतो, लक्ष ठेवायला बरं. मला बघून हसला. म्हणाला, ताई, तू आलीस, आता तुझ्या हातचं खाऊन दारं रुंद करून घ्यावी लागणार, मी मावायचो नाही.

बुधवार
डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्याला आवाज ऐकू येतात, हा आजार आहे, कुणाच्या दोषाने झालेला नाही. गोळी चुकवायची नाही आणि घरात टोचून बोलायचं नाही. मी म्हटलं, त्याच्यासमोर मी ब्रसुद्धा काढत नाही. खरंच नाही काढत. काय पुटपुटायचं ते भांडी घासताना, देवापाशी.

शनिवार
ताट तसंच परत. म्हणाला, भिंतीत एक बाई आहे, ती म्हणते, बसून खाल्लं तर डोंगरही सरतो.
हे तर कालच मी—

सोमवार
आज बाई म्हणाली म्हणे, आईला खाल्लंस, आता मला खा. सकाळी मोरीपाशी मीच म्हटलं होतं. देवाला. झरोक्यातून खोकला इकडे येतो, तर माझं बोलणं तिकडे— एवढं कसं कळलं नाही मला!
झरोक्यात उशी कोंबली. तोंडाला कुलूप.

गुरुवार
मी गप्प. तरी ती बोलतेच म्हणतो. उद्या दवाखान्यात न्यायचंय. त्याने हळूच विचारलं, ताई, तिचा आवाज तुझ्यासारखा आहे, पण ती तू नाहीस ना? मी नाही म्हटलं. त्याला केवढं हायसं वाटलं. म्हणाला, मग मी वेडाच बरा.

शुक्रवार
गाडी यायचीय. उशी काढली— आत माझा आवाज. माझे ओठ मिटलेले— स्टुलावर चढून पाहिलं. तोच बोलतोय, माझ्या सुरात. घास उचलतो, स्वतःला माझे टोमणे मारतो, घास ठेवतो.
दार आतून लावलंय. हाक मारली— किंचाळला. माझ्याच आवाजाला.
देवा, आता कुठल्या तोंडाने—
बोलणं नको. हे पान फाडून दाराखालून सरकवते. आत एकदम शांत झालंय—
बाळा, तू वेडा नाहीस, मी खोटं बोलले, ती बाई मी—