जैनोद्दीन टेलरची झोप

तेर,
सोमवार, दुपार, दुकानातून

प्रिय लिंबाजीस, तुझ्या जुन्या दोस्ताचा काळजापासून सलाम. वहिनींना आठवण सांग. तामलवाडीत यंदा कांदा कसा आहे, तुझे गुडघे काय म्हणतात, कळव. (फोनवर बोललो की सकिना मधेमधे दुरुस्त्या करती, म्हणून पत्र.)

गेलं वर्षभर मला दिवसा लई गोड झोप लागती. शिलाई मशीनवर बसलो की डोळे जड होतात आणि स्वप्न सुरू. परवा तर अख्खी तेरणा नदी पांढऱ्या मलमलीची झालेली. काठाकाठानं मी टीप घालत चाललोय, पायाखाली पाणी न्हाय, नुसतं सुळसुळीत कापड, आणि बगळे चोचीत टाचण्या धरून उभे. जाग आली तेव्हा बसप्पाच्या नव्या सदऱ्याची बाही तोंडाशी शिवून बंद! बसप्पानं हात घातला, तो बाहेर येईना. "जैनोद्दीन, म्या काय पिशवी सांगितली व्हती का?" म्हणाला. (भला माणूस. दुसऱ्या हातानं चहा पिऊन गेला.)

ही झोप मी वयाच्या नावावर घातली होती. पण पायाला सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा सकिनानं मला धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. माझी साखर बारा वर्षांची, तुला ठाऊकच आहे. लघवीतून प्रथिनं जातात असं निघालं, म्हणजे किडनीला झळ लागलेली. बाईंनी विचारलं, "घोरता का?" मी ठाम सांगितलं, न्हाय. (मी तर कधी ऐकलेलं न्हाय.) सकिना हळूच म्हणाली, "घोरतात तवर बरं वाटतं, मॅडम. घोरणं थांबतं तवा भ्या वाटतं."

मग अंगाला वायरी लावून मला एक रात्र झोपवलं. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता! झोपेत घसा मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब चढतो, आणि रात्री मोडलेली झोप मग दिवसा गाठती. साखरेनं आधीच दमलेल्या किडनीला त्याचा जादा मार बसू शकतो, असं बाईंनी समजावलं. किडनीचा आणि झोपेतल्या श्वासाचा, हे दोन आजार बऱ्याचदा जोडीनं सापडतात म्हणे.

परतीच्या एसटीत सकिना खिडकीला डोकं टेकून पार तेरपर्यंत गाढ झोपली. तेव्हा उमगलं, किती वर्षं ती माझा खांदा हलवायला जागी राहिली असेल. आणि मी तिला म्हणायचो, तुझी झोपच हलकी. लिंबाजी, त्या प्रवासात मला एक डुलकी आली न्हाय.

आता मुखवटा लावून झोपायचं श्वासाचं मशीन घरी आलंय. त्याच्या झुळकीत मी रोज ढगांवरनं फिरून येतो. काळजी नसावी.

तुझा,
जैनोद्दीन

ता. क. ढगांचं जरा वाढवून लिहिलं. खोकं अजून कपाटावरच आहे. तोंडावर काही बांधून झोपायचं म्हटलं की छाती धडधडती. हे कुणाला सांगू नकोस. तू दोन दिवस राहायला ये, तू शेजारी असलास तर कदाचित

ता. क. दुसरा. (मी सकिनाबी लिहिते. दुकानात चहा घेऊन आले, तर हे पेन हातात धरूनच झोपलेत.) लिंबाजीभाऊ, खोकं उतरवून मुखवटा मी आधी स्वतः लावून बघितला, मग परत वर ठेवला. दम कोंडत न्हाय. पण माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. पत्र मिळालं की याच. भाऊ, मला एक रात्र सलग झोपायचंय.