नियंत्रित गटातले बाबा

ती. मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? इकडे सगळे ठणठणीत आहेत. बाबाही ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी आईला सांगतात, "तिला म्हणावं मीठ दे", आणि मी बसलेली असते त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. हा अबोला मला सहन होत नाही, म्हणून सगळी हकिगत कळवते.

झालं असं, की मानसशास्त्राच्या परीक्षेसाठी मला एक प्रयोग करायचा होता. कौतुक केलं की माणूस जास्त काम करतो का, एवढंच बघायचं. आमच्या सरांच्या भाषेत कौतुक हा स्वतंत्र चल (म्हणजे जे आपण मुद्दाम बदलतो ते) आणि काम हा परतंत्र चल (म्हणजे त्यामुळे जे बदलतं ते). हे आत्याला समजावायला गेले. "आत्या, यात दोन चल" इथपर्यंतच आले होते, तर "चल" ऐकून तिने चपला घातल्या आणि पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तिला परत आत आणण्यात अर्धी सकाळ गेली.

बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात उरल्यासुरल्या कागदाला तोटा नाही, तेव्हा सगळ्यांनी पाकिटं करायची असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. आत्या आणि शेजारचे सलूनवाले कौतुकाच्या गटात आले, आई आणि बाबा नियंत्रित गटात, म्हणजे ज्यांना बरं-वाईट काहीच म्हणायचं नाही. (कोण कुठल्या गटात हे आधी सांगायचं नसतं, नाहीतर प्रयोगाचे बारा वाजतात.) आत्याच्या पाकिटाला तोंडच नव्हतं, चारी बाजूंनी चिकटवलेलं. तरी मी म्हटलं, वा आत्या, काय सुबक हात आहे. सलूनवाल्यांनी निम्मा डिंक मिशीला लावून घेतला, त्यांचीही वाहवा केली. बाबांचं पाकीट मात्र कोपऱ्याला कोपरा. मी ते हातात घ्यायची आणि मख्ख चेहऱ्याने खाली ठेवायची. बाबांनी पुढचं पाकीट उजेडात धरलं. मग माझ्या नाकासमोर धरलं. शेवटी खाकरले. पण सरांनी बजावलं होतं, चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये. बाबांनी हात पुसले आणि भर दुपारी दुकान बंद केलं. आईला काहीच वाटलं नाही. मला सवय आहे, म्हणाली.

प्रयोग संपल्यावर भाग घेणाऱ्यांना खरं काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगितलं की बाबा, तुम्ही नियंत्रित गटात होतात. त्यावर आईकरवी निरोप आला, "तिला म्हणावं, तो मी लग्नापासून आहे." सर मात्र खूश आहेत. कौतुकवाल्यांनी दुप्पट पाकिटं केली. (त्यातलं एकही वापरता येत नाही, पण ते मोजायला सरांनी सांगितलं नव्हतं.)

पाठीला शेक देत जा.

तुमची भाची

ता.क. हे पत्र ज्या पाकिटातून आलं ते बाबांनी केलेलं आहे. फोन करून त्यांना एवढं सांगाल का, की पाकीट झकास आहे? तुम्ही आजवर कोणालाच बरं म्हटलेलं नाही, त्यामुळे तुमच्यावर त्यांचा विश्वास बसेल. मी सांगितलंय हे कळू देऊ नका.

आणखी एक ता.क. तूच का सांगत नाहीस, असं म्हणाल. काल सांगितलं, मामा. बाबा, तुमची पाकिटं सगळ्यांत सुंदर होती, म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, "आता कुठल्या गटात घातलंस मला?"