आठ जीबीची पट्टी

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ७.
ज्योत्स्ना अपेक्षाला घेऊन कुरवंड्याला माहेरी गेली. कारण कॉम्प्युटर. बारा वर्षांचा जुना. ज्योत्स्ना त्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. काल फॉर्म अर्ध्यावर अडकला, म्हणून मी मदतीला बसलो. ते गोल फिरणारं चक्र वीस मिनिटं बघितलं. कोणाचंही डोकं फिरेल. कीबोर्ड भिंतीवर हाणला. तुकडा उडून अपेक्षाच्या भुवईला लागला. दोन टाके. हल्ली कीबोर्डला क्वालिटीच राहिलेली नाही.
मी बायको-पोरीवर कधी हात उचललेला नाही. वस्तूंवर उचलतो.
संकल्प: रॅम वाढवायची. कॉम्प्युटर फास्ट, घर शांत. रविवारपर्यंत दोघी परत.

७ जानेवारी.
बाजारपेठेत प्रतीक्षाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पंचविशीची मुलगी. म्हणाली, "काका, आधी मदरबोर्डचा नंबर बघून या. जुन्या बोर्डाला कुठलीही रॅम चालत नाही." कंपनीत वीस माणसांची शिफ्ट चालवतो मी. मला नंबर बघून या म्हणते!
दुसऱ्या दुकानातून सगळ्यात नवीन, आठ जीबीची पट्टी उचलली. चांगली वस्तू कुठंही चालते.

९ जानेवारी.
पट्टी बसेना. पट्टीची खाच एकीकडे, स्लॉटमधला दात दुसरीकडे. जेमतेम काही मिलिमीटरचा फरक. तेवढ्यासाठी माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. अंगठ्यानं दाबली. मग लाटण्यानं ठोकली. कट्ट! बसली असं वाटलं. स्लॉट तुटला होता.
सीपीयूला लाथ घातली. पायाचं नख काळं-निळं. शेजारच्या येसूबाई दारात आल्या, बघितलं, घरात जाऊन कडी लावली. घाबरट बाई.
स्लॉट दोन असतात. एक शिल्लक आहे. चिंता नाही.

१० जानेवारी.
सासूबाईंचा फोन. "जावईबापू, पोरगी झोपंत लय दचकती. तुमी आत्ताच हितं येऊ नगा." म्हटलं, रॅम आणतोय. त्यांना रॅम कळत नाही. फोन ठेवला. म्हणजे फेकला. गादीवर. सुधारणा आहे.

११ जानेवारी. दुपारी.
मोठ्या मनानं प्रतीक्षाकडे गेलो. पट्टी बघून म्हणाली, "ही डीडीआर-फोर आहे. तुमचा बोर्ड जुन्या डीडीआर-थ्रीचा असणार. जबरदस्ती केलीत ना काका?"
दुकानात चार गिऱ्हाईकं होती. जबरदस्ती हा शब्द मला आवडला नाही. काउंटरवर मूठ आपटली. काच जाड असेल असं समजलो होतो.
सहा टाके. प्रतीक्षानंच हाताला ओढणी गुंडाळून मला रिक्षात घातलं. लगेच दुकानाचं शटर ओढून घेतलं. धंद्यात नवीन आहे.

१४ जानेवारी.
संक्रांत. गूळपोळी नाही. उजवा हात गळ्यात. डाव्या हातानं बोर्डाचा फोटो काढून प्रतीक्षाला पाठवला. तिचं उत्तर: डीडीआर-थ्रीच, चार जीबीच्या वर नाही, आणि दोन्ही बाजूंना चिपा असलेलीच. खाली लिहिलं होतं, "चालली नाही तर ठोकू नका. काढा, खोडरबरानं पुसा, परत लावा."
संध्याकाळी पट्टी येसूबाईंकडे ठेवून गेली. माझी बेल वाजवली नाही. घाईत असेल.

१५ जानेवारी. सकाळी १०.
बसली! दोन्ही टोकांना टक् टक्, एवढंच. कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत चालू. आता या दोघींना तक्रारीला जागा नाही.
पडद्यावर पासवर्ड मागतोय. मी कधी स्वतः चालू केलाच नव्हता.
ज्योत्स्नाला फोन लावला. अपेक्षानं उचलला. आधी रॅमची बातमी दिली. "हं," म्हणाली. पासवर्ड विचारला. म्हणाली, "आईला विचारते." मागून ज्योत्स्नाचा आवाज आला, "सांग. कळू दे त्यांना."
अपेक्षा हळूच म्हणाली, "इंग्रजी अक्षरांत लिहा, पप्पा. सगळं जोडून. पप्पा आले गप्प बसा."
गप्पमध्ये पी किती, ते विचारलं.
"दोन."
कधीपासून आहे हा, विचारलं.
"मी चौथीत होते तेव्हापासून."
ती आता अकरावीत आहे.
फोन तिनं ठेवला. मी डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलं. पहिल्याच फटक्यात उघडला.