टॅमरच्या भावाची शेवटची व्यवस्था

मी लायसँडर होलकम, राहणार न्यू बेडफर्ड, पूर्वीचा व्यवसाय भाषणं, हल्लीचा दमा. डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवतो.

१. राहतं घर पत्नी परमीलिया हिचं. गुलामगिरीविरुद्धच्या माझ्या भाषणांना टाळ्या पडत. चूल मात्र तिच्या शिवणावर पेटत असे.

२. भाषणांचे कागद छापू नयेत, जाळावेत. ज्या हक्कांसाठी घसा फोडला, ते दक्षिणेतल्या राज्यांत आमच्या लोकांकडून एकेक करून काढून घेणं चाललं आहे. छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल, काम झालं.

३. गुलामगिरीविरोधी सभेचे चिटणीस थॉर्नबरीसाहेब दर व्याख्यानात कानाशी लागत, "विचार पुरे, आता पाठ दाखवा." त्यांच्या वारसांना काही नाही. माझं प्रेत परमीलियानेच धुवावं. चाबकाच्या वळांची ही पाठ आता कुणालाही दाखवायची नाही.

४. माडीवरची खोली मी बहीण टॅमरसाठी राखली होती. आम्हाला वेगवेगळं विकलं तेव्हा मी जिम होतो. पकडले जाऊ नये म्हणून पळून आलेले आम्ही सगळेच नाव बदलत असू. गुलामगिरी मोडणारं युद्ध संपल्यावर हरवलेल्या माणसांची विचारणा चर्चच्या वर्तमानपत्रात छापत आणि पाद्री ती रविवारी वाचून दाखवत. मीही दर वसंतात छापली: 'टॅमर हिचा शोध आहे. भाऊ, लायसँडर होलकम.' जुन्या मालकाचं नाव घालायची रीत होती. मी घातलं नाही. त्याचं नाव माझ्या नावाशेजारी मला नको होतं.

परमीलिया म्हणाली, "अहो, तिचा भाऊ जिम. हा लायसँडर कोण टिकोजीराव?"

"अगं, देशभर गाजलेलं नाव आहे."

"देशभर असेल. तिच्या कानावर कधी पडलंय?"

दहा वर्षांनी तिचं ऐकलं. जिम आणि मालक, दोन्ही नावं छापली. दक्षिणेतल्या सव्हाना शहरातून एका पाद्र्याचं उत्तर आलं. टॅमर त्याच्याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची. माझी विचारणा दर वसंतात ऐकायची आणि म्हणायची, "देवा, त्या बिचारीला तिचा भाऊ भेटू दे. माझा जिम तर गेलाच असेल." आदल्याच हिवाळ्यात ती वारली.

तेव्हा ती खोली भाड्याने द्यावी.

५. थडग्यावर 'जिम, टॅमरचा भाऊ' एवढंच कोरावं. वाचायला कुणी येणार नाही.

सही: लायसँडर होलकम
(कायद्याला हेच नाव लागतं.)

आमच्यासमोर सही झाली: होझिया पेटिबोन, न्हावी; केटुरा स्नो, शेजारीण.
न्यू बेडफर्ड, ९ मार्च १८९२