विसाव्या घराची सही

गुढ़ियारी, रायपूर
२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. ताईस जयंताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू सगळ्याला हो हो म्हणतेस, म्हणून पुन्हा पत्राकडे वळलो आहे.

आमच्या घरासमोरच्या खांबावर जूनमध्ये पार्षदांनी, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकांनी, मोठा एलईडी दिवा लावून दिला. त्याचं तोंड वर आहे. उजेड रस्त्यावर कमी आणि आमच्या बेडरूममध्ये जास्त. पडदा लावला, पडद्यावर चादर टाकली, तरी भिंत पांढरी ती पांढरीच. पेरूवरचे कावळे रात्री दोनला उजाडलं समजून ओरडतात. पद्मिनी तेव्हापासून धड झोपलेली नाही. डोकं धरून बसते, भाजीत दोनदा मीठ घालते, आणि परवा भांड्यांच्या खोलीत चटई टाकून पडलेली सापडली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसा गुंगी येते आणि रात्री काहीच होत नाही. काल तिने सांगूनच टाकलं की मले इथं आता राहवूनच नाही राहिलं, दिवाळीपर्यंत हा दिवा हलला नाही तर निरंजनकडे हैदराबादला कायमचं जाऊ. आपले चिरंजीव हिंदीतच म्हणाले की पापा, आ जाओ, इसमें सोचना क्या है. ताई, मालगाडीचा आवाज कानावर पडल्याशिवाय मला झोप लागत नाही. मला जायचं नाही.

म्हणून गल्लीत हिंडतो आहे. प्रत्येकाला सांगतो की उजेड रस्त्याला हवा, आभाळाला आणि उशीला नको. पोट्टे मला अंधारवाले बाबूजी म्हणतात. पार्षदांनी शेवटी एवढं मान्य केलं की एक रात्र दिवा बंद ठेवून बघू, गल्लीची तक्रार आली नाही तर पुढचं ठरवू. चौदा तारीख पक्की झाली. रेल्वेच्या नोकरीत सिग्नल दुरुस्तीला उघडण्याआधी मी स्टेशनमास्तरला मेमो द्यायचो आणि त्याची सही घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. तसाच मेमो आता घरोघरी देऊन सह्या घेतो आहे. वीस घरं आहेत, सतरा झाली.

तुझ्या गुडघ्यांचं कळव. माया आहे तशीच ठेव.

तुझा
जयंता


गुढ़ियारी
१७ सप्टेंबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चौदालाच दुपारी आलं. त्यात तू विचारलं होतंस की विसाही सह्या झाल्या ना, की मास्तर जागेवर नव्हता म्हणून आपणच गाडी सोडलीस. मी ते वाचून हसलो आणि पत्र खिशात ठेवलं. आता ते पुन्हा उघडवत नाही.

विसावं घर सरोजिनीचं. गोंदियाकडची बाई, एकटी राहते, बीरगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला पॅकिंग करते. आमच्या खिडकीतून समोरच्या रांगेत तिचा जिना दिसतो. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा कुलूप. शेवटी मेमो दाराखालून सरकवला आणि यादीत तिच्या नावापुढे स्वतःच लिहिलं, सूचना दिली. छत्तीस वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं. कागद तिच्या पायपुसण्याखाली गेला, तिला तो दिसलाच नाही.

चौदाला लाइनमन शंकरने दिवा बंद केला. पद्मिनी नऊला झोपली ती गाढ. मी अंगणात खुर्ची टाकून आभाळ बघत होतो, खोटं कशाला सांगू, खुशीत होतो. साडेदहाला सरोजिनी ऑटोतून उतरली आणि अंधारात नालीत पडली. उजवं मनगट मोडलं. तिचा आवाज मी ऐकला, पण उठून टॉर्च शोधून पोचेपर्यंत ती स्वतःच बाहेर आली होती.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तेव्हा कळलं की दोन वर्षं अर्ज करून हा दिवा तिनेच आणवला होता. त्या वळणावर कोणीतरी तिच्या गळ्यातलं ओढून नेलं होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की बाबूजी, तुमाले झोप पायजे, मले घरी पोचाचं असते. दिवा पुन्हा सुरू आहे, पद्मिनी पुन्हा भांड्यांच्या खोलीत. हैदराबादला जाण्याच्या बॅगा आता मीच माळ्यावरून काढतो आहे.

लोभ ठेव, जरी या वेळी मी त्याला पात्र नाही.

जयंता


वर्धा
२३ सप्टेंबर

चि. जयंतास अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून तुझा राग आला. मग पुन्हा वाचलं आणि कीव आली. आता दोन्ही बाजूला ठेवून लिहिते.

बाबा गार्ड होते आणि तू सिग्नलवाला, त्यामुळे मी रूळ न ओलांडताही थोडं शिकले आहे. डोंगरगडला तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मला सिग्नल दाखवायला नेलंस. मी विचारलं की दिव्यावर या काळ्या टोप्या कशाला. तू ऐटीत सांगितलंस की उजेड ज्याच्यासाठी आहे त्यालाच नीट दिसावा, बाकीच्या गावाला त्याचं काय करायचं. नोकरीभर दिव्याला टोपी घातलीस आणि स्वतःच्या दारातला दिवा सरळ विझवायला निघालास. काहून रे? त्या बाईला उजेड हवा, पद्मिनीला अंधार हवा, आणि दोघींचं एका टोपीत भागतं हे तुला मी वर्ध्याहून सांगायचं.

बॅगा माळ्यावर ठेव. पण या वेळी पहिली सही विसाव्या घराची. ती नको म्हणाली तर मुकाट्याने हैदराबादला जा.

पद्मिनीला आशीर्वाद. तिच्या कपाळाला लावायला सुंठ पाठवते आहे. तुमच्यावर जीव आहे म्हणून बोलते, हे ध्यानात असू दे.

ताई


गुढ़ियारी
३ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

टोपी बसली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी केली आणि पार्षदांना विचारून शंकरने चढवली. दिव्याचं वर असलेलं तोंडही त्याने खाली केलं. पण त्याआधीचं सांगतो.

मी कागदावर चित्र काढून सरोजिनीकडे गेलो. तिने ते बघितलं नाही. म्हणाली की कागद नाही, मले रस्ता दाखवा. कारखान्यात तिला सध्या बेल्टजवळ नुसती देखरेख करायला बसवलं आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी संध्याकाळी आठला जमलो. ती हात गळ्यात बांधून वळणावर उभी राहिली आणि मला खांबाखाली उभं केलं. आधी टोपी नसताना. तिला मी नुसता काळा दिसत होतो. दिवा डोळ्यात जातो आणि त्याच्याखालचा माणूस कळत नाही, हे तिलाही त्या दिवशीच जाणवलं. मग शंकरने टोपी चढवली. तिने मला नालीजवळ उभं केलं, मग गल्लीतल्या दुकानाच्या भिंतीला चिकटून, मग पेरूखाली. प्रत्येक वेळी बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिथूनच सांगितलं की बाबूजी, तुमच्या शर्टाच्या गुंड्या खालीवर लागल्या आहेत.

तिने मेमोवर डाव्या हाताने सही केली. अक्षरं पार वाकडी आहेत. तो कागद मी माझ्या नोकरीच्या कागदांत ठेवला आहे.

पद्मिनी त्या रात्री आठ तास झोपली. गल्लीतल्या आणखी दोन खांबांना टोपी मागायला लोक आले. माझ्या झोपेचं म्हणशील तर तक्रार नाही.

हात डोक्यावर असू दे.

जयंता


गुढ़ियारी
९ ऑक्टोबर

ती. सत्यभामाताईंना पद्मिनीचा शि. सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. सुंठ मिळाली, आता तिची गरज पडत नाही. खोली अशी काळोखी झाली आहे की पाणी प्यायला उठले तर चाचपडावं लागतं. बिछाना चाचपला तर तुमच्या भावाची बाजू रिकामी असते.

झोपेची तक्रार नाही असं त्यांनी तुम्हाला कळवलं असेल. झोपच घेत नाहीत तर तक्रार कसली. दहाला माझा डोळा लागला की टॉर्च घेऊन व्हरांड्यात जाऊन बसतात. सरोजिनी आली तरी उठत नाहीत, ती नालीत पडल्याचा तो आवाज कानात असतो म्हणतात. तिने दोनदा सांगितलं की बाबूजी, मले आता सगळं दिसते, तुम्ही झोपा. तिला हव हव म्हणतात आणि परत बसतात. कधी ती आलीच नाही तर, एवढं त्यांच्या डोक्यात घर करून बसलं आहे. माझं दुखणं गेलं ते यांच्याकडे आलं, असंच मला वाटतं. ते कोणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

आपली माया आमच्या घरावर आहे, तिच्याच जोरावर हे लिहिलं.

आपली
पद्मिनी


वर्धा
१५ ऑक्टोबर

चि. जयंतास अ. उ. आ.

मला सगळं कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

गाडी सुखरूप पोचल्याची खबर कोण देतं? जिथे ती पोचते, ते स्टेशन. मागच्या स्टेशनचा मास्तर रुळावर जाऊन बसत नाही. तुझी नोकरीतली ती तीन रंगांची टॉर्च सरोजिनीकडे दे. पोचली की जिन्यावरून हिरवा दाखवील. दिसला की झोपायचं. नाही दिसला तर उठायला तुला कोणाची ना नाही.

पद्मिनीवर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. आशीर्वाद आहेतच.

ताई


गुढ़ियारी
२२ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

टॉर्च देताना संकोच वाटला. तिला वाटेल की म्हातारा पाळत ठेवतो. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली की मी पोचली का नाही हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग लाल कुठला आणि हिरवा कुठला ते दोनदा विचारून घेतलं.

काल मी दहाला आडवा झालो. जुना लखलखाट असता तर तो टॉर्चचा उजेड मला कधीच दिसला नसता. दहा बेचाळीसला भिंतीवर हिरवा ठिपका आला. तिचा डावा हात असल्यामुळे थोडा हलत होता. पद्मिनी जागीच होती. तिने हळूच सांगितलं की आली ती, आता डोळे मिटा.

मालगाडी गेली असेल, मी ऐकली नाही. सकाळी तिने उठवलं तेव्हा सात वाजून गेले होते. निरंजनला कळवलं आहे की दिवाळीला त्यानेच इकडे यावं.

तूही ये. इथे रात्री अंधार असतो, आणि सगळे घरी पोचलेले असतात.

तुझ्या रागालोभाचा धनी,
जयंता